पाहुण्यांचे घर आणि भावंडांचा वाटा

भुकेल्यास फुकट अन्न देणे हे पुण्य आणि तेच अन्न पैसे घेऊन देणे हा हलका धंदा, अशी एक विचित्र समजूत आपल्या समाजात फार दिवसांपासून रुजलेली आहे. परगावी रात्री-अपरात्री उतरलेल्या मनुष्यास विचारावे. स्वच्छ ताट व निर्धास्त झोप यांचे मोल तो सांगेल. आपल्या नंदुरबारास असे पाहुणे बारमास येतात. सुरत-जळगाव लोहमार्गावरचे हे गाव. मिरचीच्या हंगामात येथे व्यापारी व हमाल यांची रीघ लागते. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारास निघालेले लोक येथे उतरतात. आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून कचेरीच्या व दवाखान्याच्या कामासाठी धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून आलेली माणसेही येथेच मुक्काम करितात. या सर्वांस जेवू घालतात ती मुख्यत्वेकरून लहान लहान खाणावळी, चहाची दुकाने आणि चार-सहा खोल्यांची लॉजे. ती चालवितात घरचीच माणसे, आणि पुष्कळदा सख्खी भावंडे.

अशा घरांतील मुले आमच्या वर्गांत दरवर्षी असतात. त्यांच्याविषयी एक गोष्ट आम्हांस नेहमी खटकत आली आहे. भावंडांपैकी जो परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होतो त्यास पुण्यास किंवा नाशिकास पाठवावयाचे, आणि जो मागे राहिला त्याच्याविषयी 'याला आता दुकानावर बसवू' असे म्हणावयाचे, अशी रीत पडली आहे. ते वाक्य शिक्षेसारखे उच्चारले जाते. ज्यास गणित येत नाही म्हणून सारे घर हळहळते त्याच्याच हाती गल्ला सोपवावयाचा, हा कोठला न्याय? वास्तविक खाणावळ चालविण्यास लागणारी बुद्धी काही कमी प्रतीची नव्हे. उद्या किती पाने उठतील याचा आदल्या रात्री अंदाज बांधणे, भाजी महागली तरी ताटाचा भाव व चव दोन्ही राखणे, रागावलेल्या गिऱ्हाइकास गोड शब्दांनी शांत करणे, ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

या धंद्यास भावंडेच का लागतात, याचाही विचार करण्याजोगा आहे. पहाटे दूध घेण्यापासून तो रात्री शेवटचे भांडे पालथे घालीपर्यंत हे काम चालते. एका मनुष्याच्या देहास ते झेपत नाही. पैसा येतो तो सुटा व रोकड, म्हणून गल्ल्यावर विश्वासाचा मनुष्य हवा. शिवाय पाहुण्यास ओळखीचा चेहरा हवा असतो. थोरला बाजारात, धाकटा गल्ल्यावर आणि बहीण चुलीपाशी, अशी कामाची वाटणी झाली म्हणजे दार सदैव उघडे राहते.

दार उघडे ठेवणे ही गोष्ट कधी कधी किती कठीण होते, याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. तेथे कुलाब्याच्या रस्त्यावर 'लिओपोल्ड कॅफे' नावाचे उपाहारगृह आहे. इराणी मंडळींनी १८७१ साली ते स्थापन केले. नाव दिले ते बेल्जमच्या लिओपोल्ड राजाचे, आणि आरंभी तेथे खाद्यतेलाचा घाऊक व्यापार चालत असे. फरहांग व फरझाद जहानी या दोघा भावांनी ते चालविले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तेथील मेजे पाहुण्यांनी भरलेली असता दहशतवाद्यांनी हातबॉम्ब टाकून बेछूट गोळीबार केला. सुमारे दहा माणसे प्राणांस मुकली. त्यांत जेवणारे होते तसे वाढणारेही होते. त्या दिवसांत मुंबईत एकंदर १६६ माणसे मारली गेली, आणि ताजमहाल व ओबेरॉय ही मोठी अतिथिगृहेही त्याच हल्ल्यांत सापडली. पाहुण्यासाठी दार उघडे ठेवणे हाच ज्यांचा धर्म, त्यांच्याच दारातून मृत्यू आत आला.

तरीही अवघ्या चार दिवसांनी त्या भावांनी आपले दार पुन्हा उघडले. भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा त्यांनी बुजविल्या नाहीत. पुढे काही वर्षांनी आम्ही मुंबईस गेलो असता त्या खुणा मुद्दाम पाहून आलो. त्यांच्या शेजारीच लोक चहा पीत होते, हसत होते, आणि वाढपी ताटल्या घेऊन लगबगीने ये-जा करीत होते. दोघा भावांनी त्या चार दिवसांत एकमेकांस काय सांगितले असेल, हे आम्ही तर्काने लिहिणार नाही. इतके मात्र खरे की, एकट्याने धैर्य धरणे निराळे आणि सख्ख्या भावाच्या शेजारी उभे राहून धैर्य धरणे निराळे.

परंतु असे धैर्याचे प्रसंग आयुष्यात एखाद्-दुसरेच. भावंडांची खरी कसोटी लागते ती रोजच्या साध्या दिवशी, आणि ती अशी की, राबणाऱ्या हातांची नोंद कोणी घेतो की नाही. नव्या करारात बेथानी गावच्या मार्था, मरिया व लाजर या तीन भावंडांचे घर आहे. पाहुणा आला असता मरिया त्याच्या चरणांशी ऐकत बसली, आणि सर्व कामाचा भार एकटीवर पडला म्हणून मार्थेने गाऱ्हाणे केले. या कथेवरील उपदेशांत मार्थेस बहुधा बोलच लागतो. मरियेने उत्तम वाटा निवडला, हे आम्हांसही मान्य आहे. तथापि ज्या घरात पाने वाढावी लागतात त्या घरातील मनुष्यास मार्थेचे गाऱ्हाणे सहज कळते. कामाचे ओझे तिला जड झाले होतेच. त्याहून जड झाले होते ते एकटेपण.

अशीच एक मार्था आमच्या परिचयाची आहे. वडील वारल्यावर दोन भाऊ व त्यांची थोरली बहीण यांनी वडिलांची छोटी खाणावळ पुढे चालविली. बहिणीच्या हातच्या कळण्याच्या भाकरीसाठी व शेवभाजीसाठी लोक वाट वाकडी करून येत. काही वर्षांनी धाकट्यास सुरतेस जाऊन निराळा धंदा करावयाचा होता. म्हणून वाटणीचा विषय निघाला. दोघे भाऊ कागद घेऊन बसले. बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाली, "वाटा नंतर करा, पहिले मन्हं नाव कोठे शे ते दखाडा." परवान्यावर, बँकेच्या खात्यावर, उधारीच्या वहीवर, कोठेच तिचे नाव नव्हते. वीस वर्षांचा धूर जिच्या डोळ्यांत गेला, तिची कागदावर एक ओळही नव्हती. भाऊ सज्जन होते. त्यांनी वाटणीचा कागद बाजूस सारला, वकिलाकडे जाऊन तिघांच्या नावे भागीदारीचे लेख करविले, आणि स्वयंपाकघराबद्दल बहिणीस दरमहा ठरावीक मोबदला देण्याचे त्यात नमूद केले. धाकटा सुरतेस गेला तो भांडून नव्हे, हिशेब करून गेला. ती खाणावळ आजही चालू आहे.

पालकांनी येथे कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाप्रमाणे भागीदारी जन्माने उत्पन्न होत नाही, ती कराराने होते. करारात काही ठरविले नसेल तर नफा सर्व भागीदारांस सारखा मिळतो, आणि जो प्रत्यक्ष राबतो त्यास त्या कामाबद्दल निराळा मोबदला मागता येत नाही. म्हणजे चुलीपाशी उभा राहणारा आणि परगावी बसून वाटा घेणारा हे दोघे कायद्याच्या दृष्टीने सारखेच ठरतात. दुसरी गोष्ट मुलींच्या वारशाची. १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमाने ख्रिस्ती पित्याच्या मुलास व मुलीस सारखा हिस्सा दिला. हिंदूंच्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. परंतु तो हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींस आपोआप लागू होत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तर आदिवासी बांधवांचीच संख्या अधिक. तेव्हा कायदा काय देईल याची वाट न पाहता, घरोबा गोड आहे तोवरच बापाने किंवा भावाने बहिणीचे नाव कागदावर लिहावे. कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. अविश्वास शिरण्याची फट बुजविणे, असा त्याचा अर्थ आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण शिकून दूर जातील. अवश्य जावे, आम्ही तुम्हांस शिकवितो ते त्यासाठीच. परंतु ज्या खाणावळीच्या गल्ल्यातून तुमची फी भरली गेली, तेथे तुमचा भाऊ किंवा बहीण अजून पाने वाढीत आहे, हे विसरू नये. सुटीत घरी याल तेव्हा पाहुण्यासारखे मेजाशी बसू नका. एक वेळचे वाढणे आपल्या अंगावर घ्या, वही उघडा आणि मागील हिशेब जुळवून द्या. तुम्ही शिकलेली त्रैराशिके व व्याजाची उदाहरणे तेथे कामास येतील. आणि जे घरीच राहून हे काम करणार आहेत, त्यांनी मान खाली घालण्याचे काही कारण नाही. मध्यरात्री आगगाडीतून उतरलेल्या अनोळखी मनुष्यास ज्यांच्या दारात दिवा दिसतो, त्यांचे शिक्षण वाया गेले असे कोण म्हणेल?