सुटते झक्कास, थांबायचं काय?

तुम्हाला म्हणून सांगतो, मी गाडी घेतली ती दोन कारणांनी. बायकोला सांगितलेलं कारण वेगळं होतं आणि खरं कारण वेगळं.

बायकोला सांगितलेलं कारण एकदम सज्जन. आम्ही राहतो अमेरिकेत, बफेलोच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्कमध्ये. ईरी सरोवरावरून वारं सुटलं की इथे अक्षरशः पोत्याने बर्फ ओततात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या गावात ८० इंच पडला. त्याच वर्षी नाताळात जे वादळ आलं त्यात बफेलो भागात ४० हून जास्त माणसं गेली, काही तर गाडीतच अडकून. आम्ही तेव्हा घरात कोंडून मॅगी खात होतो आणि दारातली आमची साधी सेडान कुठे पुरली गेलीय याचा अंदाज बांधत होतो. तेव्हाच ठरवलं, पुढची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह. चारही चाकांना ताकद. सेफ्टी फर्स्ट!

खरं कारण म्हणजे कराडच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळलेली रॅली रेस. निळी सुबारू इम्प्रेझा. याच गाडीत कॉलिन मॅक्रे १९९५ साली वर्ल्ड चॅम्पियन झाला होता. तर २०२४ च्या जूनमध्ये डब्ल्यूआरएक्स दारात आली. २.४ लिटरचं टर्बो इंजिन, २७१ हॉर्सपॉवर, सहा गियर, रंग अर्थातच निळा. बायको म्हणाली, "सेफ्टीला एवढी हॉर्सपॉवर लागते?" मी विषय बदलला.

जानेवारी २०२५ मध्ये आई आणि अण्णा आले. बायकोची तारीख फेब्रुवारीतली होती आणि सासूबाईंचा व्हिसा अडकला होता. अण्णा एस.टी.तून रिटायर झालेले. पाटण आगार, तीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. गाडी बघून त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? बॉनेट उघडलं नाही, सीट चाचपली नाही. वाकून टायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लईच गुळगुळीत की रं हे."

मी हसलो. म्हटलं, अण्णा, हे परफॉर्मन्स टायर आहेत.

ते खरं तर समर टायर होते. माझ्या मॉडेलवर कंपनीतून तेच येतात, आणि बर्फात वापरू नका हे पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं असतं. पुस्तिका कोण वाचतं हो? आमची ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीसकट पडून होती. पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. शून्याखाली तर रस्ता धरायचंच सोडतं. पण मला त्याचा पत्ता कसा लागणार? डिसेंबरभर गाडी रोज सकाळी सिग्नलवरून सुळ्ळकन सुटत होती!

इथेच खरी गोम आहे. साध्या गाडीत बर्फावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, गाडी कुरकुरते. म्हणजे रस्ता तुम्हाला सांगतो, बाबा रे, आज जपून. चारही चाकांवर ताकद वाटली गेली की ही कुरकुर जवळजवळ ऐकूच येत नाही. गाडी एवढ्या गुणी मुलीसारखी सुटते की वाटतं, रस्ता ठीक आहे. आणि ब्रेक? ते तर आपल्या जुन्या मारुती ८०० लासुद्धा चारही चाकांना होते. थांबताना ऑल-व्हील ड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही.

तर त्या दिवशी अण्णांना चेस्टनट रिज दाखवायला नेलं होतं. टेकडीवरची बाग आहे, वरून थेट बफेलोच्या इमारती दिसतात. येताना उतार. खाली दाबून काच झालेला जुना बर्फ, वर भुरभुरलेली नवी पावडर. मी ३५ मैलांवर, म्हणजे ताशी ५६ किलोमीटर. एवढ्या वेगात गेलात तर कराडात रिक्षावाला मागून हॉर्न मारेल.

वळण घेतलं आणि समोर पिवळी स्कूल बस. लाल दिवे चमकतायत, थांबा सांगणारी पाटी बाहेर आलेली. अशा वेळी इथे दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते, कायदाच आहे. मुलं उतरून रस्ता ओलांडतात म्हणून.

मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएस थरथरलं. गाडी चाललेलीच. अजून जोरात दाबला. गाडी चाललेलीच. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, चाकं वळली असतील, पण गाडी सरळच! बसच्या दारातून एक लाल टोपी खाली उतरताना दिसली आणि मला आजही आठवतं, डोकं पूर्ण रिकामं झालं होतं.

"ब्रेक सोड," अण्णा म्हणाले. ओरडले नाहीत. "सोड आधी."

त्या क्षणी ब्रेक सोडायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं, खोटं कशाला बोलू? तीस वर्षं त्यांचा शब्द ऐकायची सवय होती म्हणून पाय उचलला गेला. पुढच्या टायरांना कुठेतरी पकड मिळाली, गाडी उजवीकडे सरकली आणि प्लाउवाल्यांनी रस्त्याकडेला रचलेल्या बर्फाच्या ढिगात धप्पकन घुसली. बसपासून दोन गाड्यांच्या अंतरावर.

बसच्या ड्रायव्हरबाईंनी मुलाला दारातच मागे ओढलं होतं. खिडकी उघडून त्यांनी आम्ही ठीक आहोत का विचारलं. काचांवर पंधरा-वीस नाकं चिकटलेली. अण्णा माकडटोपी नीट करत खाली उतरले, फुटलेला बंपर बघितला आणि हाताने बर्फ उपसायला लागले. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

रात्री बसून हिशेब केला. ताशी ५० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. घट्ट दाबलेल्या बर्फावर त्याचे ५० होतात, काच झालेल्या बर्फावर १०० च्या घरात. टायरकडे पकडीची एकच पुंजी असते. सगळी ब्रेकवर उधळली तर वळायला काही उरत नाही. अण्णांना हे गणित नव्हतं माहीत. त्यांना मृगाचा पहिला पाऊस माहीत होता, घाटातल्या धूळ-ऑइलवर पडून रस्त्याचा साबण करणारा.

दुसऱ्या दिवशी विंटर टायर घेतले. चारही बरं का, दोन नाही. दोनच बदलले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं नाचतं. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र लागतं. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ती बर्फातली परीक्षा पास झाल्याची खूण नव्हे. या टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. स्वीडनच्या रॅलीत तर खिळे ठोकलेले टायर असतात म्हणे. एवढी वर्षं मी फक्त गाडीचा रंग बघत होतो!

रविवारी सिक्युरिटीला विचारून ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. अण्णा शेजारी. चालवायला मात्र नाही म्हणाले, "उलट्या बाजूचं स्टिअरिंग, नको." त्यांनी एकच अट घातली. "मागं म्हातारी उभी हाय, हातात अंड्याची पाटी, धरायला दांडा न्हाई. तिला पाडायचं न्हाई."

सांगायला सोपं! ही टर्बो गाडी खालच्या आरपीएमला शांत असते आणि मग एकदम उसळते. वळणात ती उसळी आली की म्हातारी गेलीच. म्हणून दुसऱ्या गियरमध्ये सुटायचं, वरच्या गियरमध्ये, कमी आरपीएमवर रांगायचं. गियर उतरवताना क्लच हळू सोडायचा, नाहीतर इंजिनाचा झटकाच ब्रेकसारखा चाकं घसरवतो. आधी ब्रेक, मग वळण, मग हलकाच अ‍ॅक्सिलरेटर, तिन्ही एकत्र कधीच नाही. आणि घसरलोच तर नजर जिथे जायचंय तिथे. मी सवयीने दिव्याच्या खांबाकडे बघायचो आणि गाडी इमानेइतबारे खांबाकडेच जायची. दोन तासांत म्हातारी अकरा वेळा पडली. अण्णा मोजत होते.

डिकीत आता फावडं, ब्लँकेट आणि वाळूची पिशवी असते. अडकलो तर इंजिन चालू ठेवण्याआधी मागचा एग्झॉस्ट पाइप बर्फातून मोकळा करायचा, नाहीतर विषारी वायू आत येतो. आणि वादळाचा इशारा असेल तर घरी बसायचं. २०२२ च्या नाताळात प्लाउ आणि अ‍ॅम्ब्युलन्सही अडकल्या होत्या. माझ्या गाडीखाली जेमतेम साडेपाच इंच जागा. त्याहून जास्त बर्फ साचला की ती गाडी राहत नाही, घसरगुंडीची पाटी होते.

फेब्रुवारीत एका रात्री दोन वाजता बायकोने उठवलं. बाहेर उणे बारा. एवढ्या थंडीत रस्त्यावरचं मीठही फारसं काम करत नाही. २१९ नंबरच्या हायवेवर मी २५ मैलांनी, पुढच्या गाडीपासून लांब, पूल आला की आधीच वेग आणखी कमी. पुलाच्या खालूनही वारं लागतं, तो रस्त्याच्या आधी गोठतो. हे मी बायकोला समजावून सांगत होतो आणि ती दोन कळांच्या मधे मला जे म्हणत होती ते इथे छापता येणार नाही. शेवटचं वाक्य मात्र सांगतो, "२७१ हॉर्सपॉवर कशाला घेतलीस मग?"

चाळीस मिनिटं लागली. सकाळी सहाला घरी फोन केला. अण्णांनीच उचलला.

"रस्ता कसा होता?"

मागून आईचा आवाज आला, "अहो, मुलगा का मुलगी ते विचारा की आधी!"