एकच माप

हलाल म्हटले की आपल्या घरांत मटणाची चौकशी होते. कुठून आणले, कोणी कापले, हे आपण विचारतो. मेथीची जुडी मात्र मुकाट्याने पिशवीत पडते. फार तर आपण ती मिठाच्या पाण्यात बुडवून धुतो आणि निश्चिंत होतो. पण पिकाने आत शोषून घेतलेले औषध धुण्याने जात नाही. म्हणून भाजीबद्दलही चार प्रश्न विचारायला आपण शिकले पाहिजे.

माझे माहेर बागवानांचे, सासर राहुरी तालुक्यात कांदा पिकवणाऱ्यांचे. म्हणजे माल विकणारे आणि पिकवणारे, दोन्ही माझ्या घरचेच. पूर्वी कांद्यात तण झाले की बायका ओळीने बसून खुरपत. आता खुरपायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. माझे धाकटे दीर म्हणतात, "भाभी, चार दिवसांचे काम पंप दोन तासांत करतो." त्यांचे म्हणणे खोटे नाही. दिवसभर उकिडवे बसून कंबर धरलेल्या बाईला विचारा, तीही तणनाशकाला दुवाच देईल. तेव्हा प्रश्न नुसता फवारावे की नाही एवढाच नाही. कोणत्या पिकावर, किती आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारले, हा खरा प्रश्न आहे.

फवारलेल्या औषधाचा थोडा अंश काढणीनंतरही मालात उरू शकतो. तो जास्तीत जास्त किती चालेल, हे आपल्या देशात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवते. प्रत्येक औषधाची प्रत्येक पिकासाठी मर्यादा वेगळी असते. ती ठरवताना दोन गोष्टी पाहतात. पहिली, लेबलवर लिहिल्याप्रमाणे फवारले तर काढणीच्या वेळी मालात किती उरते. दुसरी, रोज, आयुष्यभर पोटात गेले तरी अपाय होणार नाही असे प्रमाण किती. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला अपाय दिसला नाही, तिचा साधारणपणे शंभरावा भाग माणसासाठी धरतात. आणि ज्या पिकासाठी मर्यादा ठरवलेलीच नाही, तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा असते. म्हणजे १०० टन मालात १ ग्रॅम.

हा आकडा आमच्या घरात शिरला तो मेथीमुळे. आमच्याकडे कांद्याच्या वाफ्यांत पाटाच्या कडेने मेथी, कोथिंबीर टाकतात. कांद्याला वेळ लागतो, मेथी महिन्याभरात पैसे देते. गेल्या रब्बीत दिरांनी कांद्यातल्या गवतासाठी क्विझालोफॉप फवारले. हे औषध गवतवर्गीय तण मारते, रुंद पानाच्या पिकाला धक्का लावत नाही. मेथी हिरवीगार राहिली, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण बाटलीबरोबरच्या कागदावर कांद्याचे नाव होते, मेथीचे नव्हते. काढणीपूर्वी थांबायचे दिवसही कांद्याचेच दिलेले होते. जुड्या बांधायची वेळ आली तेव्हा मी एवढेच विचारले, "ही आपल्या मुलांना घालायची का?"

दीर गप्प झाले. आमच्या भागात बऱ्याच घरांत खाण्यापुरता एक वाफा वेगळा, बिनफवारणीचा ठेवतात. आमचाही आहे. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या ताटाला नको, ते दुसऱ्याच्या ताटाला कसे द्यायचे?" दीडशेच्या आसपास जुड्यांची मेथी उपटून खड्ड्यात पुरली. शेळ्यांनाही घातली नाही. त्या आठवड्याचा भाव चांगला होता, त्यामुळे सगळ्यांनाच चुटपुट लागली. ती लागणारच, कारण नुकसान शेतकऱ्याच्या खिशातून जाते आणि कोणी त्याची भरपाई देत नाही.

हिशेब कुठे चोख होतो, हे महाराष्ट्राने द्राक्षांत पाहिले आहे. २०१० च्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपात सापडला. ते तणनाशक नव्हे, वेलीची वाढ रोखणारे औषध. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हते, तिकडे मात्र त्याची मर्यादा कडक होती. माल अडकला, बागायतदारांचे आणि निर्यातदारांचे कोट्यवधींचे नुकसान झाले. मग यादी सुधारली. निर्यातीच्या नोंदणीकृत बागांमधून काढणीपूर्वी नमुने घेतले जातात आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासण्यांवर देखरेख ठेवते.

निर्यातीचा माल असा तपासून जातो. आठवडे बाजारातल्या जुडीला ते भाग्य नाही. कायद्याची मर्यादा दोघांना आहे, पण नमुना घेणारा माणूस एकाच दाराशी नेमाने येतो. आपल्या लेकरांचे वजन कमी, त्यामुळे तेवढीच भाजी खाल्ली तरी किलोमागे त्यांच्या शरीरात जास्त अंश जातो. त्यांच्यासाठी तरी अन्न व औषध प्रशासनाने भाजीबाजारातून नेमाने नमुने घ्यावेत आणि निकाल बाजार समितीच्या फळ्यावर लावावेत, ही मागणी आपण ग्रामसभेत करू शकतो.

घरात करण्यासारखेही आहे. डब्यावरचा रंगीत त्रिकोण औषध किती जहाल ते सांगतो, ताटात किती उरेल ते सांगत नाही. त्यासाठी सोबतचा कागद वाचावा लागतो. घरातली शिकलेली मुलगी तो मोठ्याने वाचून दाखवू शकते. आमच्याकडे आता फवारणीची वही आहे. तारीख, औषध, मात्रा आणि कोणता वाफा, एवढेच लिहितो. यंदा पाटाच्या कडेला मेथी टाकली नाही. तिला वेगळा वाफा दिला आणि तिथे दोन बायकांकडून खुरपून घेतले.

माझे अब्बा दुकान उघडले की आधी तराजूची पारडी पुसत. गिऱ्हाईक ओळखीचे असो की परके, माप एकच. औषधाच्या अंशाची मर्यादा म्हणजे असेच एक माप आहे. ते निर्यातीला एक, बाजाराला दुसरे आणि घरच्या वाफ्याला तिसरे असून चालणार नाही.