बेटावरचं दुकान

भैंशात आमच्या दादांचं किराणा दुकान होतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. मुधोळ, भैंसा नांदेड जिल्ह्यातून आदिलाबादेत गेले आणि आम्ही बसल्या जागी तेलुगूतलं बेट झालो. गिऱ्हाईक 'उप्पू' म्हणो, 'नमक' म्हणो की 'मीठ', दादांचा हात एकाच पोत्यात जाई. उधारीची वही मात्र मराठीतच. कापूस विकला की माणसं येत आणि दादा नावावर काट मारीत.

परवा ती वही सापडली. तेलुगू माध्यमात शिकलेल्या मुलानं विचारलं, "बाबा, काय लिहिलंय हे?" मी काट न मारलेली नावं वाचत गेलो. बहुतेक माणसं गेलेली. येणं बुडालं त्याचं दुःख नाही. पण माझ्यामागं ही नावं वाचणार कोण? यंदा लक्ष्मीपूजनाला तीच वही पाटावर मांडणार आहे. वाचायला मुलाला बसवीन.