मचूळ

आमच्या वसईच्या घरच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. तो गेला, विजेचा पंप आला, आणि त्या पंपाचे कौतुक सर्वांत जास्त मीच केले. मी तेव्हा सेमिनरीत होतो. सुट्टीत घरी आलो की कळ दाबून केळीची वाडी शिंपण्याची मला भारी हौस. काही वर्षांनी एका उन्हाळ्यात आई म्हणाली, “अरे, डाळ शिजेना झालीय. एवढं शिकलास, सांग बघू का ते.” विहीर मचूळ झाली होती.

तेव्हा सांगितले ते अर्धवटच होते. मीठ पाण्यात विरघळते म्हणजे नुसते लपून बसत नाही. त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे भारित कण सुटे होतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. म्हणून सोडियमकडे पाणी ऑक्सिजनचे तोंड वळवते, क्लोराइडकडे हायड्रोजनचे. रेणूंनी एकमेकांचे धरलेले हात तेवढ्यापुरते सुटतात, आणि कणांभोवती पाणी दाटीने उभे राहते. त्यामुळे मीठ आणि पाणी यांच्या मूळ आकारमानांची बेरीज करावी, तर द्रावण त्याहून थोडे कमीच भरते. ही ओढ किती दूरवर पोहोचते यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. २००३ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवले की, कणाला लगटून असलेल्या पहिल्या कड्यापलीकडच्या पाण्यावर तिचा परिणाम जवळजवळ नसतो.

आशीर्वादित पाण्यात चिमूटभर मीठ घालण्याची रीत मी कितीदा तरी पाळली असेन. पण त्या चिमटीकडे असे कधी पाहिले नव्हते.

डाळीचा खरा गुन्हेगार मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. डाळीच्या पेशींना सांधणारे पेक्टिन ते घट्ट बांधून टाकतात. साबण फेसाळेना तोही त्यांच्यामुळेच. केळीचे दुखणे वेगळे. मुळे पातळ पडद्यातून पाणी ओढतात. बाहेरचे पाणी खारावले की त्याची आत शिरण्याची ओढ मंदावते. आमच्या केळींच्या पानांच्या कडा करपल्या, त्या पायाशी ओल असताना.

हे क्षार आले कुठून? समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते जड, आणि किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी त्याच्यावर तरंगते. गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून १ मीटर उंच असली, तर खाली साधारण ४० मीटर गोडे पाणी, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे वरून हातभर उपसले की खालून खारे पाणी कितीतरी हात वर सरकते. ती हातभर पातळी आमच्या पंपाने उतरवली. शेजारच्या पंपांनीही, पण कळ दाबणारा हात माझाही होता.

गेल्या पावसाळ्यानंतर घरी गेलो तेव्हा पोहरा खोल सोडू लागलो. आई आता फारशी उठत नाही. ओसरीवरून तिने हाक मारली, “खाली नको जाऊस रे. वरवरचंच काढ, हळू.”