बंद गिरणी आणि कोठीची किल्ली

आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहामागे एक जुनी कोठी होती. धान्यासाठी नवी खोली झाल्यावर ती बंद पडली आणि तेथे मोडकी बाकडी व गंजलेल्या पेट्या साचल्या. आम्ही आठवीत असताना चित्रकलेच्या गुरुजींनी तिची किल्ली आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आधी झाडून घ्या. पुढचे तुम्हीच ठरवा." दोन रविवारच्या श्रमदानात कोठी रिकामी झाली, भिंतींवर चुन्याचा हात फिरला. त्या वर्षीच्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीचे फलक आम्ही तेथेच रंगवले. पुढे तेथे शिवणयंत्र आले, मातीकाम सुरू झाले. वर्गात मान खाली घालून बसणारा आमचा एक सोबती चामड्याची वेणी घालू लागला, की सारा वर्ग त्याच्याभोवती जमत असे.

ही आठवण इतक्या वर्षांनी उसळून आली ती कोल्हापूरच्या शाहू मिलच्या आवारात. 6 मे 2022 रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली. सकाळी दहा वाजता कोल्हापूरकर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. त्या निमित्ताने भरलेल्या कृतज्ञता पर्वात मिलची दारे लोकांसाठी उघडली होती. आम्ही काही माजी विद्यार्थी तेथे गेलो. आमच्यातील एकाचे आजोबाही बरोबर होते. त्यांची उमेदीची वर्षे याच मिलच्या साचा खात्यात गेली होती.

या गिरणीची पायाभरणी 27 सप्टेंबर 1906 रोजी झाली. संस्थानात उद्योग उभा राहावा आणि रयतेच्या हाताला काम मिळावे, ही महाराजांची दृष्टी त्यामागे होती. त्याच वर्षी मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. त्याआधी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले होते, तर 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. आपल्यासारख्या वसतिगृहांचे मूळ त्या परंपरेत आहे. शिकणाऱ्याला छप्पर आणि कसणाऱ्या हाताला काम, या दोन गोष्टी महाराजांनी वेगळ्या मानल्या नाहीत. ज्या गिरणीच्या भोंग्यावर शहर घड्याळ लावत असे, ती 2003 साली बंद पडली.

प्रदर्शनाच्या त्या दिवसांत बंद आवारात पुन्हा माणसांची वर्दळ झाली. चपला, कापड, पुस्तके मांडली गेली. मुले चिमणीकडे माना उंचावून पाहत होती. आजोबा मात्र आपल्या साच्याची जागा शोधत फिरले. ती काही सापडली नाही. बाहेर पडताना ते म्हणाले, "बघायला चांगलं हाय. पर हितं काम कुणाला मिळणार?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.

या जागेवर शाहू महाराजांचे भव्य स्मारक व्हावे, ही चर्चा अनेक वर्षे चालू आहे. स्मारक व्हावेच. पण त्यात निदान एक मोठी शेड चालत्या हातांसाठी असावी, असे आम्हाला वाटते. आमच्यापैकी काहींची घरे चप्पल करणाऱ्यांची. एकाच खोलीत चूल, अभ्यास, रापी, आरी आणि भिजवलेले कातडे. पावसाळ्यात कातडे वाळत नाही आणि मुलांना झोपायला कोरडा कोपरा उरत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 साली मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने तशीच चप्पल मांडली, आणि टीका झाल्यावर तिचे मूळ मान्य केले. नाव जगभर पोहोचले, परंतु ती करणाऱ्याला हात पसरून बसण्याइतकी जागा अजून मिळालेली नाही.

हे स्वप्न अशक्य नाही. पणजीतील वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीत आज चित्रपट महोत्सव आणि कलाप्रदर्शने भरतात. लंडनमधील बंद वीजकेंद्रात 2000 साली टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय उघडले. मुंबईच्या गिरणगावात मात्र कित्येक गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले, आणि तेथे राबलेल्यांची नातवंडे त्या दारांतून ग्राहक म्हणून आत जातात किंवा पहारेकरी म्हणून बाहेर उभी राहतात.

जुन्या वास्तूत काम सुरू करणे सोपे नसते, हे कोठीने आम्हाला शिकवले. पहिल्याच पावसात आमचे रंगवलेले फलक भिजले होते. गिरणीच्या बाबतीत तर आधी छत व भिंती तपासाव्या लागतील, वीज नव्याने घ्यावी लागेल, कातड्याच्या पाण्याचा निचरा वेगळा काढावा लागेल. हत्यारे ठेवायला कुलपाची कपाटे हवीत, स्त्रियांना निर्धास्तपणे येता येईल अशा वेळा हव्यात, भाडे दिवसाच्या कमाईला झेपणारे हवे. आणि सर्वांत आधी ठरावे लागेल की किल्ली कोणाकडे राहणार. ती केवळ दफ्तरात राहिली, तर वर्षातून एकदा उद्घाटनाची फीत कापली जाईल आणि दार पुन्हा बंद होईल. चपला करणारे, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, मूर्तिकार आणि चित्रकार यांच्या समितीकडे ती असेल, तरच गिरणी चालेल.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका आम्ही प्रार्थनेच्या तासाला पाठ केली होती. तिचा अर्थ मात्र आम्हाला कोठीत उमगला. सन्मानाने काम करायला आधी सन्मानाची जागा लागते.

या स्मरणिकेच्या वाचकांत अभियंते आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, आणि चपलेला टाका घालणारे पालकही आहेत. आपण सर्वांनी मिळून या मागणीचे एक निवेदन करावे, ही आमची विनंती. आजोबा आता थकले आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हयातीत देता आले, तर ज्या गुरुजींनी आमच्या हाती किल्ली दिली, त्यांचे थोडे ऋण फिटेल.