अडली तर आघाडा

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा जन्म पोलादपूर तालुक्यातल्या एकाच घरात, माजघराला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीतला. काकवांची बाळंतपणं तिथेच, आणि आत्या पहिलटकरीण म्हणून मुंबईहून यायच्या त्यांचीही तिथेच. आता सगळी भावंडं गणपतीला जमली की कोणाच्या वेळी कोण किती अडली यावरून वाद रंगतो. प्रत्येकाची आई एरंडेल प्यायली होती, एवढ्यावर मात्र एकमत.

ते एरंडेल घरचं. परसातल्या एरंडाच्या बिया आजी खापरात भाजायची, कुटायची आणि पाण्यात घालून चुलीवर रटरटत ठेवायची. वर तवंग धरला की पळीने अलगद काढून घ्यायचा आणि पुन्हा कढवायचा. तडतड थांबली, म्हणजे पाणी उडालं. वास असा, की रात्री गोधडीलाही यायचा. दिवस भरून वर गेले की ते कोऱ्या गरम चहातून, सुंठ टाकून द्यायचे. पोट ढवळलं की मागोमाग कळा धरतात, एवढं आजीला ठाऊक होतं. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्याला आणि गर्भाशयाला एकाच वाटेने आवळतं, हे जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं ते २०१२ साली. कळा धरण्याची मात्र कधीच हमी नसायची; जुलाबांनी गळून गेलेली बाईही आमच्या घराने पाहिली आहे.

म्हणून सुईणआजी उठल्यासुटल्या काही देत नसे. यायची, हात राखेने घासून धुवायची आणि पोटावर तळवा ठेवून गप्प बसायची. घरातल्यांचा जीव टांगणीला, आणि ही निवांत. मग म्हणायची, “खोट्या कळा हायत ह्या. ऊठ पोरी, जरा फिर.” तिच्या औषधांपैकी निम्मं औषध हे थांबणंच होतं, असं मला आता वाटतं.

अगदीच अडली तर आघाड्याचं मूळ दोऱ्याने कमरेला बांधायचे. आणि पावसाळा असेल तर कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुललेली कळलावी होतीच. तिचा कंद उगाळून ओटीपोटाला लेप. तोंडात मात्र कणही जाता कामा नये. त्यात कोल्चिसीन हे जहाल विष असतं. मूल बाहेर आलं आणि वार पडली, की लेप धुऊन काढायची आणि मूळ सोडायची घाई. अडलेल्या बाईच्या हातापायांना मूळ बांधायला सुश्रुतसंहितेतही सांगितलं आहे, म्हणजे ही समजूत किती जुनी!

या आठवणी गोड लागतात, कारण त्या काढणारे आम्ही सगळे त्या खोलीतून जिवंत बाहेर आलेले. मधल्या काकूचं मूल आडवं होतं. आघाडा बांधून झाला, लेप झाला, एरंडेलही झालं. आडव्या मुलापुढे यातलं काहीच चालत नाही. भर आषाढात डोली करून तिला चिखलातून सडकेपर्यंत आणली, तिथून गाडीने महाडला. काकू वाचली, मूल नाही. गणपतीतल्या गप्पांत ती डोली सहसा निघत नाही.

कळा आणणारं ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार झालं १९५३ साली. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांना त्यासाठी १९५५चं नोबेल मिळालं. आमच्या डोंगरातली बाई सलाइन लावून मोकळी व्हायला त्यानंतर कित्येक वर्षं जावी लागली. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई घरोघरी फिरू लागल्या, आणि आघाडा उरला श्रावणात जिवतीच्या माळेपुरता.

परवा डोंबिवलीहून भाचीचा फोन आला. तारीख उलटून गेली होती आणि तिने मोबाइलवर एरंडेलाचं काहीतरी वाचलं होतं. थोरल्या आत्याने तेलाचा विषयच काढू दिला नाही. पाणी गेलंय का, अंगावरून लाल जातंय का, बाळ रोजच्यासारखं हलतंय का, हे विचारत राहिली. “हलणं कमी वाटतंय थोडं,” भाची म्हणाली. “मग माझ्याशी काय बोलत बसलीस? रिक्षा बोलाव.”