बेलोरा ते फुलसावंगी : एका प्रश्नाचा प्रवास

"सर, हेलिकॉप्टरले शेपटी कायले असते?"

आठवीच्या वर्गात तास संपता संपता हा प्रश्न आला. प्रश्न विचारणारा मुलगा अभ्यासात यथातथाच, पण हाताने हुशार. वडिलांचे वेल्डिंगचे दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, फाटके आणि उन्हाळ्यात कुलर तयार करतात. मी फळ्यावर दोन रेघा ओढून काहीतरी उत्तर दिले आणि घंटा झाली.

आठ दिवसांनी वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, पोराले जरा समजावा. दुकानाच्या छतावर लोखंडी पाइपचा सांगाडा उभा केला त्यानं. बसायची सीटबी लावली. मले फुलसावंगीचं आठवलं का रात्री झोप येत नाही."

फुलसावंगी म्हटल्यावर पुढे काही बोलायची गरज राहिली नाही. आपल्या वऱ्हाडात ते नाव घराघरांत पोहोचलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले हे गाव. तिथला शेख इस्माईल, गावाचा मुन्ना, वेल्डिंगचे काम करणारा चोवीस वर्षांचा तरुण. शाळा आठवीत सुटलेली. कपाटे, कुलर तयार करता करता त्याने एका माणसाला बसता येईल असे हेलिकॉप्टर स्वतःच्या हातांनी बांधले. दोन वर्षे त्यात घातली. १५ ऑगस्टला ते सर्वांना दाखवायचे होते. त्याआधीच, ऑगस्ट २०२१ मध्ये, एका रात्री चाचणी घेताना मागच्या शेपटीचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पात्यावर आदळले आणि मोठे पाते मुन्नाच्या डोक्याला लागले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न साधा नव्हता. तो शेपटीबद्दल विचारत होता, कारण त्याला मुन्नाचे हेलिकॉप्टर नेमके कुठे चुकले ते शोधायचे होते.

'हे खूळ सोड' असे सांगणे सोपे होते. पण आठवीत शाळा सुटलेल्या एका मुलाची ही गोष्ट, आणि समोर आठवीतलाच मुलगा. मी वडिलांना म्हणालो, "समजावतो, पण वर्गात नाही. आपण तिघे जाऊन येऊ." दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या छोट्या हत्तीत बसून आम्ही निघालो.

पहिला मुक्काम जवळचाच, बेलोऱ्याचा. बडनेरा ओलांडले की अमरावतीचे विमानतळ येते. किती वर्षे आपण 'आता होईल, मग होईल' ऐकत होतो. शेवटी १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून पहिले प्रवासी विमान उतरले. एटीआर ७२ जातीचे, दोन पंख्यांचे, सत्तरेक माणसांचे विमान. धावपट्टी १८५० मीटर लांब. याच ठिकाणी एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था आकार घेत आहे. वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचा बेत जाहीर झाला आहे.

आम्ही गेलो तेव्हा धावपट्टी शांत होती. कुंपणाबाहेर उभे राहून मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, इथं उडवणारे शिकतीन. बनवणारे कुठं शिकतात?"

याचे उत्तर मी गाडीत दिले. घरी विमान बांधणारी माणसे जगात पुष्कळ आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रातही आहेत. कॅप्टन अमोल यादव हे पेशाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न अपुरे राहिले होते. २०१६ साली 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिले. पण नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात आणि उडवून पाहण्याची परवानगी २०१९ मध्ये. मग धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या.

"एवढा वेळ कायले?" मुलाने विचारले.

"कारण आपल्या देशात घरी बांधलेल्या विमानाचीही तपासणी होते. डीजीसीएची माणसे पाहिल्याशिवाय ते हवेत जात नाही." उशीर चिडवणारा असतो हे खरेच, पण तपासणी म्हणजे शत्रुत्व नव्हे, एवढे मला त्याच्या मनात रुजवायचे होते.

अमेरिकेत अशा हौशी लोकांची एक मोठी संघटना आहे, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबरेझनी आणि त्यांच्या मित्रांनी ती सुरू केली. आज गावोगावी तिच्या शाखा आहेत आणि दर उन्हाळ्यात ऑशकॉश या गावी घरी बांधलेल्या विमानांची जत्रा भरते. या क्लबची मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्याने आधी विमान बांधले आहे असा जाणकार सभासद नवख्याच्या घरी, गॅरेजमध्ये जातो. सांधे तपासतो, रिबिट पाहतो, चूक दिसली तर स्पष्ट सांगतो. त्याचे पैसे घेत नाही. आपल्याकडे उस्ताद शागिर्दाच्या कामावरून हात फिरवून पाहतो ना, तसेच.

लोणी मागे पडले. अमरावती ते अकोला हा रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की मूर्तिजापूर कधी आले कळलेही नाही. तिथे जोहरची नमाज पढली, डबे उघडले. मुलगा जेवतानाही हवेत हात फिरवून पाती कशी वळतात ते दाखवत होता.

अकोल्याला शिवणीचे विमानतळ आहे, बेलोऱ्यापेक्षा कितीतरी जुने, इंग्रजांच्या काळातले. धावपट्टी आखूड, आणि ती वाढवायची तर शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जागेचा प्रश्न. त्यामुळे अमरावतीचे विमान उडाले तरी अकोलेकर वाटच पाहत आहेत.

रात्री अकोल्यात माझ्या मावसभावाकडे मुक्काम होता. जेवणानंतर मुलांचा घोळका जमला, तेव्हा मी त्यांना एक खरी गोष्ट सांगितली. १९२९ साली आगा खान यांनी बक्षीस जाहीर केले : जो हिंदी माणूस इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधला प्रवास विमानाने एकट्याने करील, त्याला ५०० पौंड. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाले. इजिप्तमध्ये अबूकिर येथे दोघांची भेट झाली. अस्पी अडकून पडले होते, इंजिनचे स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. अस्पी आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांनाच मिळाले. पुढे १९६० मध्ये ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

"टाटा हरले मंग," एक पोरगा म्हणाला.

"शर्यत हरले," माझा विद्यार्थी म्हणाला, "पण दुसऱ्याचं विमान पडलं नाही."

माझी पुतणी कोपऱ्यातून म्हणाली, "मुलीच नाहीत का कोणी?" तिला मी हिजाब इम्तियाज अली यांचे नाव सांगितले. उर्दूच्या नामवंत लेखिका, आणि १९३० च्या दशकात विमान चालवण्याचा परवाना मिळवलेल्या. उर्दू शिकवताना त्यांच्या कथांचा उल्लेख येतो, परवान्याचा मात्र कधी येत नाही. हा दोष आम्हा शिक्षकांचा.

दुसऱ्या दिवशी पातूर, मालेगाव, वाशीम, पुसद करत दुपारी फुलसावंगी गाठले. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. गाव आपल्या कोणत्याही गावासारखे : चहाच्या टपऱ्या, मोटारसायकली, दुकानांतून ठिणग्या. मी मरहूमच्या घरी गेलो नाही. ज्यांनी मुलगा गमावला, त्यांच्या दारात प्रश्न घेऊन जाण्याचा मला अधिकार नव्हता. गाडी झाडाखाली उभी करून आम्ही तिघांनी फातिहा पढली, मग्फिरतची दुआ केली. मग तिथेच बसून शेपटीचा सवाल उघडला.

हेलिकॉप्टरचे वरचे पाते एका बाजूला फिरते, तेव्हा खालचे धड उलट्या बाजूला फिरू पाहते. क्रियेला प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम. शेपटीवरचे लहान पाते धडाला धरून ठेवते. ते नसेल तर सारे यंत्र भोवऱ्यासारखे गरगरेल. म्हणजे उडवते मोठे पाते, पण सांभाळते लहान पाते.

"पण ते तुटलं कसं?" मुलाने विचारले.

याचे उत्तर मला द्यावे लागले नाही. वडील म्हणाले, "कुलरच्या पंख्याचं एक पातं जरा वाकलं तर काय होते? सारा कुलर थरथरते. नट ढिले होतात. वेल्डिंगले बारीक चीर जाते, दिसतबी नाही. कुलर थरथरला तर आपण बटन बंद करतो." ते थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मी वीस वर्षं वेल्डिंग करतो. जाळीचा जोड मी हातानं हलवून पाहतो. उडणाऱ्या यंत्राचा जोड कसा तपासायचा, हे मले नाही येत, बेटा."

वीस वर्षे हुनर असलेला बाप आपल्या मुलासमोर 'मला येत नाही' म्हणतो, हे मी पहिल्यांदा पाहिले. मुलगाही काही बोलला नाही.

मग मी त्यांना कॉर्डोबाच्या अब्बास इब्न फिरनास यांची हकीकत सांगितली. नवव्या शतकातले अंदलूसचे हे विद्वान. काच बनवण्याची रीत, पाण्याचे घड्याळ अशा अनेक गोष्टींत त्यांचे नाव येते. अंगाला पिसे आणि पंख लावून त्यांनी उंचावरून झेप घेतली, काही अंतर तरंगले आणि उतरताना पडले. पाठीला मार बसला. कित्येक शतकांनंतर इतिहासकार अल-मक्करी यांनी त्याचे कारण नोंदवले : पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. शेपटी विसरली! आज चंद्रावरच्या एका विवराला इब्न फिरनास यांचे नाव आहे. पण ते जगले म्हणून चूक कळली. राइट बंधूंचे दुकान सायकलींचे, तुमच्यासारखेच. त्यांनी आपले यंत्र आधी पतंगासारखे दोरीने उडवून पाहिले, मग बिनइंजिनाचे चालवले, आणि १९०३ मध्ये इंजिन लावून उड्डाण केले.

सूरह मुल्कमध्ये अल्लाहने आपल्याला डोक्यावर पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पक्ष्यांकडे पाहायला सांगितले आहे. पाहणे म्हणजे निरखणे, अभ्यास करणे. आणि प्रेषित (सल्ल.) यांनी उंटाच्या मालकाला आधी उंट बांधायला आणि मग तवक्कुल करायला शिकवले. विमानाच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे जोड तपासणे, यंत्र जमिनीला जखडून दुरून चालवून पाहणे, दुसऱ्या जाणकाराला दाखवणे.

मुन्नामध्ये हिंमत कमी नव्हती, हुनर कमी नव्हता. त्याचे काम पाहायला माणसे होती, त्याचे कौतुकही होते. पण जोडावर बोट ठेवून 'हा पुन्हा कर' म्हणेल असा उस्ताद दीडशे-दोनशे किलोमीटरच्या परिसरात त्याला मिळाला नाही. हा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे बरोबर नाही. आठवीत शाळा सुटली तेव्हा आम्ही शिक्षक कुठे होतो, हाही प्रश्न आहे.

परतताना मुलाने विचारले, "मंग मी काय करू?" मला जे माहीत होते ते सांगितले. दहावी नीट कर. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दसॉल्ट कंपनीच्या मदतीने विमानाचा सांगाडा जोडण्याचा अभ्यासक्रम चालतो. मिहानमध्ये प्रवासी विमानांची दुरुस्ती होते. बारावीला गणित-विज्ञान घेतले तर विमान देखभाल अभियंता होता येते. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवतात. तुझे दुकान हीच तुझी पहिली शाळा, पण शेवटची नव्हे.

छतावरचा सांगाडा वडिलांनी मोडला नाही. सीट काढली, आणि इंजिन बसवायचे नाही असे ठरले. शाळेत आम्ही दर शनिवारी थर्माकोल आणि बांबूच्या काड्यांची ग्लायडर बनवतो. अकरा मुले, चार मुली. नियम एकच : आपले ग्लायडर आपण उडवायचे नाही, जोवर दुसऱ्याने तपासून वहीत सही केलेली नाही. पहिल्या शनिवारी रुसवेफुगवे झाले. आता पोरे स्वतःच म्हणतात, "माह्यं चेक कर ना." माझ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या ग्लायडरवर एका मुलीने सही नाकारली. शेपटी वाकडी होती.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही एखादा मुलगा किंवा मुलगी भंगारातून मोटर आणून काहीतरी जोडत बसली असेल. तिला रागावून ते फेकू नका. नुसते 'माशाअल्लाह' म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवूही नका. जवळ बसा आणि एवढेच विचारा : "हे कोणी तपासलं?" उत्तर 'कोणीच नाही' असेल, तर तपासणारा शोधून देणे हे आपले काम आहे.